'पिच': एक शब्द, डझनभर अर्थ आणि भाषांतरातले घोळ

शब्दखोर
यंत्राचं माहितीपत्रक असो, क्रीडा बातमी असो की सबटायटल, इंग्रजीतून मराठीत आणताना 'पिच' हा शब्द हमखास दगा देतो. संगणकी भाषांतर तर डोळे झाकून 'खेळपट्टी' लिहून मोकळं होतं. मग 'बोल्टची खेळपट्टी १.२५ मिमी' अशी वाक्यं छापून येतात.

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त लिहिले सारखे जातात. एक लॅटिन 'पिक्स'वरून आलेला, अर्थ काळा चिकट पदार्थ. दुसरा मूळचं क्रियापद, अर्थ रोवणे, ठोकणे. तंबू 'पिच' करतात तो हाच. स्टंप रोवले ती जागा पिच, लंडनच्या फेरीवाल्याने ठाण मांडलं ती जागाही पिच. पुढे त्याच क्रियापदाला फेकणे, उंची, उतार, दोन खुणांमधलं अंतर असे फाटे फुटले.

ज्यांचा ज्या पिचशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं: कुठून कुठपर्यंत मोजतात, मराठीत लोक काय म्हणतात, चुकलं तर काय बिघडतं. माझ्याकडे तूर्त एक किल्ली आहे. पुढे एकक कोणतं आलंय ते बघा. हर्ट्झ किंवा सेमिटोन असेल तर सूर, अंश असेल तर उतार, मिलिमीटर असेल तर आट्यांमधलं अंतर, यार्ड असेल तर क्रिकेट.

आटेवाला
बोल्टचा पिच म्हणजे एका आट्याच्या माथ्यापासून शेजारच्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, बोल्टच्या अक्षाला समांतर मोजलेलं. आट्याच्या उतारावरून तिरकं मोजायचं नाही. 'एम८ × १.२५' याचा अर्थ बाहेरचा व्यास ८ मिमी, पिच १.२५ मिमी. नेहमीचे जाडे आटे असे: एम६ ला १, एम८ ला १.२५, एम१० ला १.५, एम१२ ला १.७५, एम१६ ला २. पिच लिहिलेलाच नसेल तर जाडा धरायचा. बारीक आट्याचा पिच लिहावाच लागतो, आणि भाषांतरात '× १' हा तुकडा गाळला की दुकानदार बिनदिक्कत जाडा बोल्ट देतो.

परिणाम काय? १.२५ पिचच्या एम१० नटात १.५ पिचचा बोल्ट घातला तर पहिला वेढा छान बसतो. प्रत्येक आट्यामागे पाव मिलिमीटरची चूक साठत जाते, दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्याला अडकतो. तिथे पान्याने जोर लावला की नटाचे आटे गेले. हाताने निदान चार-पाच वेढे सहज फिरला नाही तर पाना उचलायचा नाही.

टॅप मारण्याआधीच्या (म्हणजे भोकात आटे पाडण्याआधीच्या) भोकाचा हिशोबही पिचवरच आहे: व्यास वजा पिच. एम६ ला ५, एम१० ला ८.५, एम८ ला ६.७५ म्हणून बाजारात ६.८ चं ड्रिल घेतात.

मराठी शब्द विचाराल तर वर्कशॉपमध्ये सगळे 'पिच'च म्हणतात. 'आटे' म्हणजे थ्रेड. 'अंतराल' वगैरे लिहिलंत तर ज्याच्यासाठी लिहिताय त्यालाच कळणार नाही.

शब्दखोर
@आटेवाला, 'अंतराल' मी लिहिणारच होतो, बरं झालं सांगितलंत. 'आट्यांचा पिच' चालेल?

आटेवाला
धावेल. पण एक काळजी घ्या. 'पिच' आणि 'लीड' या दोन्हींचं भाषांतर 'अंतर' करू नका. लीड म्हणजे एका पूर्ण वेढ्यात नट किती पुढे सरकतो ते. एकेरी आट्यात दोन्ही सारखे. दुहेरी आट्यात (दोन आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले) लीड पिचच्या दुप्पट, चौहेरीत चौपट.

मिमी_मिमी
पिच गेज (आट्यांवर बसवून बघायची दातेरी पट्टी) नसेल तर पिच कसा ओळखायचा? व्हर्नियरने एक आटा मोजला तर दर वेळी वेगळं उत्तर येतं.

आटेवाला
एक मोजूच नका. व्हर्नियरचं एक टोक एका माथ्यावर ठेवा, दहा अंतरं मोजा (म्हणजे अकरावा माथा, इथेच बहुतेक जण चुकतात) आणि दहाने भागा. १२.५ आलं तर पिच १.२५. उत्तर १.८१, १.९५, २.१२ असं अडनिडं आलं तर बोल्ट इंची आहे. २५.४ ला त्या आकड्याने भागा, दर इंचाला किती आटे ते मिळेल. अर्धा इंची बोल्टात ब्रिटिश व्हिटवर्थला १२ आणि अमेरिकन जाड्या आट्याला १३. चार सुती (म्हणजे अर्धा इंच) म्हणून दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात आणि एकमेकांत जात नाहीत.

नळजोड
प्लंबिंगमध्ये तर पिच जुळूनही फसगत होते. आपल्याकडचे नळ आणि पाइप ब्रिटिश म्हणजे बीएसपी आट्यांचे. बाहेरून आलेल्या यंत्रांवर, फिल्टरच्या भांड्यांवर अमेरिकन एनपीटी सापडतात. अर्धा आणि पाऊण इंचात दोघांचेही दर इंचाला १४ आटे. पिच गेज दोन्हीवर बसल्यासारखं दिसतं. पण आट्याचा कोन ब्रिटिशात ५५ अंश, अमेरिकनात ६० अंश. जोड फिरतो, घट्टही वाटतो आणि गळतो. टेफ्लॉन टेप आणखी गुंडाळून उपयोग नाही, फार तर प्लास्टिकची सॉकेट चिरते. मधे अ‍ॅडाप्टर लावणं हाच उपाय. एक इंचाला मात्र ११ विरुद्ध साडेअकरा, तिथे फरक लगेच हाताला कळतो.

काळी_पाच
गाण्याकडे वळतो. पाठ्यपुस्तकात 'उच्चनीचता', व्यवहारात 'पट्टी' किंवा नुसता 'सूर'. पण हे तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'व्हॉट इज युवर पिच' म्हणजे 'तुमची पट्टी कोणती', म्हणजे तुमचा सा कुठे. 'युवर पिच इज ऑफ' म्हणजे 'सूर लागत नाहीये'. इथे 'पट्टी चुकली' लिहिलं तर अर्थच बदलला, गायक दुसऱ्याच सा वर गेला असं होतं.

'हाय पिच्ड व्हॉइस'चं 'मोठा आवाज' हे भाषांतर सर्रास दिसतं. मोठा-लहान हा जोर झाला. पिच म्हणजे कंपनसंख्या. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: किनरा आवाज. कुजबुजसुद्धा किनरी असू शकते.

आता आकडे. हार्मोनियमची पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावतात. १९३९ च्या लंडन परिषदेत हा आकडा ठरला, पुढे आयएसओ १६ म्हणून मानक झाला. त्यावरून काळी एक २७७.२ हर्ट्झ, खालच्या सप्तकात १३८.६. एक वाद्य ४४० ला आणि दुसरं ४४२ ला लावलेलं असेल तर एकत्र वाजवताना सेकंदाला दोन विस्पंदनं ऐकू येतात, आवाज हेलकावतो. सूर जुळवताना हे हेलकावे मंदावत थांबेपर्यंत तार पिळायची.

ट्रॅकचा पिच बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'अधिक १' म्हणजे एक सेमिटोन (काळी-पांढरी दोन्ही धरून लगतच्या कळीपर्यंतचं अंतर), एक पट्टी नव्हे! पांढरी एक ते पांढरी दोन हे दोन सेमिटोन, पांढरी तीन ते पांढरी चार एकच, आणि काळी दोन ते काळी तीन चक्क तीन. 'एक पट्टी वर घ्या' असं लिहायचं असेल तर कुठल्या पट्टीवरून कुठल्या पट्टीवर हे लिहाच. तीनपेक्षा जास्त सेमिटोन सरकवलं तर रेकॉर्ड केलेला माणसाचा आवाज कार्टूनसारखा होऊ लागतो, तिथे दुसरा ट्रॅक शोधलेला बरा.

लेगस्टंप
क्रिकेटचं सोपं वाटतं म्हणूनच चुका जास्त. नाम असेल तर खेळपट्टी: २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर लांब, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर रुंद. क्रियापद असेल तर टप्पा. 'पिच्ड आउटसाइड लेग' म्हणजे 'टप्पा लेग स्टंपबाहेर', आणि पायचीतच्या नियमात तिथेच प्रकरण संपतं, पुढे चेंडू यष्टीवर आदळणार असला तरी नाबाद. 'पिच इट अप' म्हणजे टप्पा फलंदाजाच्या जवळ टाक. चेंडू उंच फेक असा अर्थ नाही.

फुटबॉलमध्ये पिच म्हणजे अख्खं मैदान. आंतरराष्ट्रीय सामन्याला १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद. 'पिच इन्व्हेजन' म्हणजे प्रेक्षक मैदानात घुसले. फुटबॉलच्या बातमीत 'खेळपट्टीवर प्रेक्षकांचा हल्ला' वाचलं की डोक्याला हात लागतो. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे प्रत्यक्ष फेक. 'थ्रू अ हंड्रेड पिचेस' म्हणजे शंभर चेंडू फेकले.




उपसंपादक
बातम्यांतला पिच राहिला. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांचा लाडका वाक्प्रचार: 'रेबेल्स क्विअर द पिच'. मराठीत 'बंडखोरांनी खेळपट्टी बिघडवली' असं छापतात आणि वाचकालाही ते खपतं, कारण राजकारणात क्रिकेटच्या उपमा चालतातच. पण यातला पिच शब्दखोरांनी वर म्हटलेला फेरीवाल्याचा, रस्त्यावरच्या खेळवाल्याचा. त्याने मांडलेल्या जागेचा विचका करणे. मराठीत 'गणित बिघडवलं' किंवा 'डाव उधळला'.

'मिनिस्टर पिचेस फॉर...' म्हणजे आग्रह धरला, बाजू मांडली. 'सेल्स पिच' म्हणजे माल गळी उतरवण्याचं बोलणं. स्टार्टअपवाल्यांचा पिच मी पिचच ठेवतो, तिथे 'सादरीकरण' लिहिलं की नुसत्या स्लाइड डोळ्यांसमोर येतात, पैसे मागणं त्यातून गळतं. 'फीव्हर पिच' म्हणजे शिगेला. 'पिच इन' म्हणजे हातभार लावणे.

'पिच्ड बॅटल'ला 'घनघोर लढाई' म्हणू नये. दोन्ही सैन्यांनी जागा धरून, व्यूह मांडून समोरासमोर केलेली लढाई असा त्याचा नेमका अर्थ. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत ही पिच्ड बॅटल. गनिमी काव्याने घातलेला छापा कितीही घनघोर असला तरी नव्हे. 'मैदानी लढाई' हा आपला शब्द चपखल आहे.

कौलारू
शब्दखोर, तुमची एककाची किल्ली माझ्या दारात मोडते.

छपराचा पिच म्हणजे उतार, हे बरोबर. पण तो अंशांतच येतो असं नाही. अमेरिकन पुस्तकात '४/१२' येतं: आडवं १२ इंच गेल्यावर चढ ४ इंच. हे आडवं अंतर भिंतीपासून मोभाखालच्या बिंदूपर्यंत, म्हणजे अर्ध्या गाळ्याचं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत मात्र चढ भागिले पूर्ण गाळा. तिथे 'हाफ पिच' म्हणजे ४५ अंश आणि 'क्वार्टर पिच' म्हणजे साधारण साडेसव्वीस.

गाळा ६ मीटर धरा. ४/१२ नीट वाचलं तर मोभाची उंची १ मीटर, वासा ३.१६ मीटर, उतार सुमारे साडेअठरा अंश. तेच कोणी पूर्ण गाळ्यावर लावलं तर उंची २ मीटर, वासा ३.६१, उतार जवळजवळ ३४ अंश. दर वाशामागे ४५ सेंटिमीटर लाकूड फुकट, किंवा उलट चूक झाली तर तेवढं कमी. उलट चूक जास्त महाग: कोकणातल्या पावसात मंगलोरी कौलं पसरट उतारावर घातली तर वारा पाणी कौलाच्या जोडातून वर ढकलतो. पत्र्याला कमी उतार चालतो, कौलाला ३० अंशांच्या आसपास लागतोच.

आता गंमत. पत्र्यालाही पिच असतो! नालीदार पत्र्याच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. सिमेंटच्या पत्र्याचा १४६ मिमी, खोली ४८ मिमी. लोखंडी जस्ती पत्र्याचा ७५ मिमीच्या घरात. म्हणजे एकाच कागदावर 'रूफ पिच १० अंश' आणि 'शीट पिच १४६ मिमी' दोन्ही येतं. पहिल्याला 'छपराचा उतार', दुसऱ्याला 'नालीचा पिच' असं वेगळं लिहावं. पत्रा वाढवून घेताना १४६ चा जुना आणि दुसऱ्या पिचचा नवा घेतला तर बाजूच्या जोडात नाली नालीवर बसत नाही आणि फटीतून पाणी शिरतं.

पोलादी बांधकामात तिसरा पिच: एका ओळीतल्या शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ते बोल्टच्या व्यासाच्या अडीच पटीपेक्षा कमी नको. एम१६ ला ४० मिमी, एम२० ला ५०. इथेही मिलिमीटरच, आणि बोल्टही तोच. 'एम२० बोल्ट, पिच ६०' याचा अर्थ आट्याचा पिच ६० असा कोणी घेणार नाही, पण 'पिच २.५ डी'चं (डी म्हणजे बोल्टचा व्यास) काय कराल?

शब्दखोर
किल्ली मागे घेतो. एककाऐवजी 'कोणत्या दोन खुणांमधलं मोजताय' हा प्रश्न विचारायचा, असं करू. आट्याचे दोन माथे, नालीचे दोन माथे, बोल्टांचे दोन मध्य. सुराला आणि डांबराला हा प्रश्नच लागू होत नाही, म्हणजे ते आपोआप वेगळे पडतात.

काळी_पाच
+१. विमानातल्या सीटचा पिचही यात बसतो. एका सीटवरच्या खुणेपासून पुढच्या सीटवरच्या त्याच खुणेपर्यंत. इकॉनॉमीत साधारण २८ ते ३२ इंच. त्याला 'पाय पसरायची जागा' म्हणू नका, सीटच्या पाठीची जाडी त्यात धरलेली असते. पातळ पाठीच्या सीटमध्ये २९ इंचातही गुडघा सुटतो.

सोल्डरधूर
इलेक्ट्रॉनिक्समधला पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर. इथे भाषांतरातलं दशांश चिन्हापुढचं गोलीकरण महागात पडतं. साध्या हेडर पिनांचा पिच २.५४ मिमी, म्हणजे इंचाचा दहावा भाग. काही कनेक्टर खरोखरच २.५० मिमीचे असतात. चार पिनांना चूक ०.१२ मिमी, ढकलून बसतं. दहा पिनांना नऊ अंतरं, चूक ०.३६ मिमी, शेवटची पिन भोकात जातच नाही किंवा वाकते. '२.५४ म्हणजे अडीच' असं कधीही लिहू नका. दात्यांच्या पट्ट्यांचंही हेच: २ मिमी पिचची पट्टी २.०३२ मिमीच्या पुलीवर बसवली तर दोन-चार दाते बसतात, मग पट्टी दातावर चढते.

एलईडी पडद्यांवर 'पी१०' लिहितात तोही पिच, दोन ठिपक्यांमध्ये १० मिमी. ३२० × १६० मिमीच्या पाटीत ३२ × १६ ठिपके. ढोबळ हिशोब असा: पिच जितके मिमी, तितके मीटर लांबून बघा. पी१० हॉलमध्ये लावून तीन मीटरवरून बघितलं तर अक्षरं नाहीत, नुसते दिवे दिसतात.

आटेवाल्यांच्या लीडला पुरवणी. थ्रीडी प्रिंटरच्या उभ्या अक्षावर बहुतेक ८ मिमीचा चौहेरी स्क्रू असतो: पिच २ मिमी, लीड ८ मिमी. मोटरच्या एका फेरीला २०० पावलं, प्रत्येक पावलाची १६ सूक्ष्म पावलं, म्हणजे ३२०० भागिले ८, मिलिमीटरला ४००. पिच बघून २ ने भागलं तर १६०० येतात, आणि १० मिमी वर जायला सांगितलेला अक्ष ४० मिमी जातो.

उडता_पंखा
विमानाचं थोडक्यात. नाक वर-खाली होणं म्हणजे पिच, पंख वर-खाली होणं रोल, नाक डावी-उजवीकडे वळणं यॉ. जहाजालाही हेच. पंख्याचा पिच वेगळा: घसरण शून्य धरली तर एका फेऱ्यात पंखा किती पुढे जाईल. ड्रोनच्या पात्यावर '१०४५' म्हणजे व्यास १० इंच, पिच ४.५ इंच. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर कागदावर ताशी सुमारे ६९ किलोमीटर, प्रत्यक्षात घसरणीमुळे कमी. पिच वाढवला की वेग वाढतो, पण मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. एकाच माहितीपत्रकात दोन्ही पिच येतात, म्हणून पहिल्याला 'नाकाचा चढउतार' आणि दुसऱ्याला 'पात्याचा पिच' असं लिहिलेलं बरं.

आरसेघाशी
काळ्या पिचवर अजून कोणी लिहिलं नाही. शब्दखोर, 'डांबर' लिहून सुटका होत नाही. कोळशापासूनचं कोल टार पिच, खनिज तेलापासूनचं बिटुमेन आणि झाडाची राळ, इंग्रजीत या तिघांनाही पिच म्हटलं गेलंय. आपल्या रस्त्यावरचं डांबर म्हणजे बिटुमेन. त्रिनिदादमधल्या ला ब्रियाच्या 'पिच लेक'ला डांबराचं तळं म्हणणं बरोबर. सोनार उठावकामाला पत्रा ज्यावर बसवतात तेही पिच, पण ती राळ.

दुर्बिणीचा आरसा घासणाऱ्यांचं पिच आणखी वेगळं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा होतात, तिथे हा शब्द पदोपदी लागतो. शेवटच्या चकाकीसाठी काचेच्या तबकडीवर पिचचा थर ओतायचा, सहाएक मिलिमीटर जाड. कोमट असताना चौकोनी खाचा पाडायच्या, मग आरसा त्यावर दाबून त्याचा आकार उमटवायचा आणि सिरियम ऑक्साइडच्या पाण्याने घासायचं. पिच कडक असेल तर काचेवर बारीक ओरखडे येतात, मऊ असेल तर आरशाची कड खाली झुकते. नखाने जोरात दाबल्यावर हलकी खूण उठायला हवी. कडक झालं तर थेंब-थेंब टर्पेंटाइन, पण भांडं विस्तवावरून उतरवून. वाफ पेट घेते.

हे पिच दिसतं घन, हातोडीने काचेसारखं फुटतं आणि तरी वाहतं. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये नरसाळ्यात ओतलं, १९३० मध्ये खालचं तोंड कापलं. २०१४ पर्यंत नऊ थेंब. आरशाखालचं पिचही रात्रभर असंच वाहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी घासण्याआधी पुन्हा दाबून घ्यावं लागतं.

'पिच डार्क' याच काळ्या पिचवरून. मराठीत 'काळामिट्ट'.

मिमी_मिमी
शेवटचा प्रश्न. चाकांच्या जाहिरातीत 'पिच सर्कल' येतं, पीसीडी. हा आट्याचा पिच की बोल्टांमधला?

आटेवाला
दोन्ही नाही. चाकाच्या सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास. '४ × १००' म्हणजे चार भोकं, वर्तुळ १०० मिमी. चार भोकांचं समोरासमोरच्या मध्यांवरून सरळ मोजा. पाच भोकांत समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन मध्यांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. ५ × ११४.३ ला ते ६७.२ मिमी येतं, ५ × ११२ ला ६५.८. फरक दीड मिलिमीटरहून कमी, टेपने कळत नाही, व्हर्नियर घ्या. चुकीची रिम चार बोल्टांवर चढल्यासारखी वाटते आणि पाचवा तिरका जातो. तो पान्याने ओढून बसवला की बसतो, आणि चालत्या गाडीत सैल होतो.